जुळला नाही, जुळवता आला नाही

सर,

शुद्धिपत्र गेलंच नव्हतं.

तुम्ही मला सांगितलं होतंत की गेलं. मी तुमच्या टेबलासमोर उभी राहून विचारलं होतं, "सर, त्या पत्राचं काय झालं?" आणि तुम्ही फाइलमधून मान वर न काढता म्हणाला होतात, "गेलं. तू तुझं काम कर." मी माझं काम केलं. पुन्हा विचारलं नाही, कारण पुन्हा विचारणं मला कधीच जमलेलं नाही, आणि हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही त्याचाच फायदा घेतलात.

तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. विश्रांतवाडीला तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे चांगलं बोलले. मी शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाशेजारी बसले होते. तुमच्या वस्तीतले एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "ओव्हाळ साहेबांनी लॅबमधून एकही चुकीचा कागद बाहेर जाऊ दिला नाही." मी सतरंजीकडे बघत राहिले. एक कागद गेला होता. तो मी लिहिला होता आणि तुम्ही त्यावर सही केली होती. त्या मांडवात हे माहीत असलेली मी एकटीच होते. तेव्हा निदान असं वाटत होतं की तो दुरुस्त झालाय.

मागच्या आठवड्यात मला तुमचा खण रिकामा करायला सांगितलं. कुणीच तयार नव्हतं, म्हणून मला. मी नाही म्हणत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे. खणात तुमचं भिंग होतं, खोकल्याच्या गोळ्या होत्या आणि खाकी पाकिटांचा तो गठ्ठा होता. तुम्ही स्वतः आणून ठेवायचात ती पाकिटं. कुणी हवालदार रक्ताचे ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणले की त्याच्या हातात पाच-सहा कोंबायचात आणि म्हणायचात, "सावलीत वाळवा, मग यात घाला. प्लॅस्टिकमध्ये कुजतं सगळं. मग आम्ही इथे काय शोधायचं, पिशवी?" त्या गठ्ठ्याखाली पाच कागद होते. पाचही तुमच्या अक्षरातले. वर मधोमध लिहिलेलं, 'शुद्धिपत्र'. तारखेची जागा पाचही कागदांवर कोरी.

लोकांचे तुमच्याबद्दल हळवं होण्याचे दिवस आहेत, सर. मला राग आलाय.

*

मी लॅबमध्ये आले त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, "शाळा कुठली?" मी शाळेचं नाव सांगितलं.

"अच्छा. मग मराठीचं काय?"

"बोलते, सर."

"बोलतो पोपटसुद्धा."

त्या दिवसापासून मी 'कॉन्व्हेंट' झाले. "कॉन्व्हेंट, नमुने उतरवून घे." "कॉन्व्हेंट, जेवलीस का?" माझ्या वर्गातल्या मुली हिंजवडीला लागल्या होत्या. त्यांना न्यायला कंपनीची गाडी वारज्याच्या पुलापर्यंत यायची आणि मी त्याच पुलाखालून बस पकडून हाडं किसायला यायचे. 'किसायला' हा आईचा शब्द. "किसायचंच होतं तर घरात किसणी होती की," असं ती म्हणायची. मी हे तुम्हाला एकदा सांगितलं तर तुम्ही इतके हसलात की भिंग खाली पडलं.

माझा सगळ्यात जास्त छळ तुम्ही त्या मराठी पत्रावरून केलात. आपला अहवाल इंग्रजीत जातो, तो कोर्टासाठी. त्याला जोडून पोलीस स्टेशनला एक पत्र जातं. इतर लोक त्यात 'अहवाल सोबत जोडला आहे' एवढंच लिहितात आणि मोकळे होतात. तुम्ही नाही. तुमच्या पत्रात निष्कर्ष दोन वाक्यांत, साध्या मराठीत असलाच पाहिजे. पहिल्या महिन्यात मी विचारलं होतं, कशासाठी? तुम्ही म्हणालात, "अहवाल वकील वाचेल. पत्र हवालदार वाचेल, आणि तो ते कुणाच्या तरी दारात उभा राहून वाचेल. दारातल्या माणसाला ते कळायला पाहिजे."

मग मी लिहायचे आणि तुम्ही खोडायचात. 'सदर' खोडलंत, 'उपरोक्त' खोडलंत. मी वर्तमानपत्रातून 'जनुकीय ठसा' असा शब्द उचलून आणला आणि माझ्यावर खूश झाले, तर तुम्ही तोही खोडलात. "ठसा म्हटलं की लोकांना शाई लावलेलं बोट दिसतं. इथे कुणी बोट टेकवलंय? नमुना लिही." लिहून झालं की ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. मला कुणासमोर मोठ्यानं वाचायचं म्हणजे घाम फुटतो. मी संपवायचे आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणायचात, "परत वाच." प्रत्येक पत्र दोनदा. एकदा मी चिडून म्हटलं की दोनदा वाचून काय वेगळं ऐकू येतं? "पहिल्यांदा तू काय लिहिलंस ते ऐकू येतं. दुसऱ्यांदा, ज्याला मिळणार त्याला काय कळेल ते."

आणि एकदा म्हणाला होतात, "मी इंग्रजी भीत भीत शिकलो, म्हणून नीट शिकलो. महानगरपालिकेच्या शाळेतून आलो, एम.एस्सी.ला डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचो. तुला मराठीची भीतीच नाही. घरची म्हणून तू तिच्याकडे बघितलंच नाहीस." संध्याकाळी बसमध्येही तेच डोक्यात फिरत होतं.

*

खडकवासल्याकडून येणाऱ्या कालव्यात एक देह सापडला होता. तरुण पुरुष, बरेच दिवस पाण्यात, चेहरा ओळखण्यासारखा राहिलेला नाही. त्याच सुमारास गंज पेठेतले एक बुक बायंडर, शेख चाचा, यांचा मुलगा आसिफ घरातून निघून गेला होता. बापाशी भांडून. तो कॉल सेंटरच्या मुलामुलींना ने-आण करणारी गाडी चालवायचा आणि बापाला तो दुकानात हवा होता. पोलिसांनी चाचांचं आणि त्यांच्या बायकोचं रक्त घेतलं आणि देहातलं एक हाड आपल्याकडे पाठवलं.

तुम्ही वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत होतात, मांडीचं हाड पाठवा नाहीतर दाढ पाठवा. आली ती बरगडी. तीही ओली, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, दोन गाठी मारलेली, वर लाखेचं सील. उन्हाळाभर पोलीस स्टेशनच्या मुद्देमालाच्या खोलीत पडून होती. हवालदार अभिमानानं म्हणाला, "थेंब गळू दिला नाही साहेब. डबल पिशवी आहे."

"वा," तुम्ही म्हणालात. "मुरांबा छान मुरला असेल."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं खरंच काळजीनं बांधली होती ती पिशवी. तुम्हालाही ते दिसलं असणार, कारण तुम्ही त्याला चहा पाजलात आणि नेहमीपेक्षा जास्त पाकिटं दिलीत.

आपण अकरा दिवस त्या हाडामागे होतो. घासलं, धुतलं, गोठवून दळलं, पूड भिजत घातली. डीएनएमध्ये पंधरा ठिकाणी बघायचं असतं आणि प्रत्येक ठिकाणी दोन खुणा, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. मुलगा यांचाच असेल तर पंधराच्या पंधरा ठिकाणी तसं दिसायला हवं. आपल्याला तीन ठिकाणी काहीतरी दिसलं, आणि तेही असं की त्याला खूण म्हणावं की मशीनची कुरकुर, ते ठरेना. बाकी सपाट रेघ. पुन्हा केलं. पुन्हा तेच. हाड संपलं. दुसरं मागवावं तर देह बेवारस म्हणून पुरलेला, आणि नेमका कुठे, हे कुणाला सांगता येईना. तुम्ही त्या दिवशी डबा न खाता परत नेलात.

इंग्रजी अहवाल मी बरोबर लिहिला होता. नमुन्यातून काही मिळालं नाही, त्यामुळे कोणतंही मत देता येत नाही. मग पत्र. तुम्हाला मुलीच्या ॲडमिशनला जायचं होतं, दोन वेळा घरून फोन येऊन गेला होता. मी पत्र समोर ठेवून म्हटलं, "वाचून दाखवू?" तुम्ही घड्याळ बघितलंत, पेन उघडलंत आणि सही केलीत. "राहू दे. आता तुला येतं."

तीन वर्षांत तुम्ही माझं केलेलं ते एकच कौतुक. मी ते घरी नेऊन आईला सांगितलं होतं.

मी लिहिलं होतं, 'हाडाचा नमुना श्री. शेख व त्यांच्या पत्नी यांच्या रक्ताच्या नमुन्यांशी जुळला नाही.'

माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्य होतं, 'कुड नॉट बी मॅच्ड'. त्यात 'जुळवायला गेलो पण जमलं नाही' असाही अर्थ निघतो. मी ते मराठीत उचलून ठेवलं आणि वाटेत काय सांडलं ते बघितलं नाही. आजही मला ते वाक्य ऐकायला बरोबरच वाटतं, इतकं ते सोपं आणि स्वच्छ आहे. तुम्हीच तर शिकवलं होतंत सोपं लिहायला.

*

चाचा आले तो दिवस तुम्ही विसरला नसणार. पांढरी दाढी, बोटांना वाळलेली खळ, बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालून आत आले होते. "मराठी पत्र कोण लिहितं इथे?" त्यांनी विचारलं. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत.

"बेटा, तुझ्यामुळे सहा महिन्यांनी झोपलो मी," ते म्हणाले. "हवालदारानं वाचून दाखवलं. म्हटलं, परत वाचा. जुळला नाही म्हणजे तो आमचा आसिफ नाही. म्हणजे कुठेतरी आहे. रुसून बसलाय. हट्टी आहे, बापावर गेलाय. ते पण दिसत असेल ना तुमच्या मशीनमध्ये?"

त्यांनी आपल्यासाठी दोन वह्या बांधून आणल्या होत्या. कापडी पाठ, कोपऱ्यांना कातडं. मग त्यांनी पिशवीतून हवालदाराकडून मागून घेतलेलं ते पत्र काढलं. आपलं पत्र. त्यांनी ते पुठ्ठ्यावर ताणून चिकटवलं होतं आणि चारी बाजूंनी लाल कापडाची किनार लावली होती. तुम्ही ते हातात घेतलंत. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही ते वाचलंत, आणि मग तुमचे डोळे पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. तेव्हा मला कळलं की काहीतरी झालंय. तुम्ही पुठ्ठा त्यांना दोन्ही हातांनी परत दिलात आणि विचारलंत, "चाचा, चहा घेणार?"

ते गेल्यावर तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"'व' खाल्लास," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"'जुळवता आला नाही' म्हणायचं होतं. 'जुळला नाही' नाही. 'जुळणं' आणि 'जुळवणं', मधला 'व' कुठे गेला?"

एका अक्षरानं एक माणूस कुठेतरी जिवंत फिरतोय. गेला असेल, नसेल, आपल्याला माहीत नाही. पण चाचांच्या घरात तो माझ्यामुळे जिवंत आहे.

मग आपलं जे झालं त्याला भांडण म्हणता येईल का, मला माहीत नाही. मी आयुष्यात कुणाशी एवढं बोलले नव्हते. मी म्हटलं, राहू द्या ना सर, त्यांना झोप लागतेय. तुम्ही म्हणालात, "आशा द्यायची तर ती दर्ग्यात देतात, विहारात देतात. आपल्याकडे नमुने येतात." मी म्हटलं, आणि त्या जागी आपण काय देणार? 'माहीत नाही'? हे काय उत्तर आहे? "खरं आहे ना? मग उत्तर आहे." तुम्ही म्हणालात, जाऊन सांगू या. मी नियम काढला, की आपल्याला कुटुंबाशी परस्पर बोलता येत नाही. "नियम तुला आज आठवला होय?" तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात तो नेहमीचा तिरकसपणा होता, म्हणजे अजून परत फिरता आलं असतं. आणि मी म्हटलं,

"सही तुमची आहे."

तुम्ही बराच वेळ भिंग पुसत बसलात. मग म्हणालात, "हो. सही माझी आहे."

त्याबद्दल मी कधीच काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंग म्हटलं, जसं काही झालंच नाही. मला वाटलं होतं वेळ आहे. आठवड्यानं पत्राचं विचारलं तर तुम्ही 'गेलं' म्हणालात आणि मला हलकं वाटलं. हलकं वाटलं, सर. हेही लिहून ठेवते.

*

ते पाच कागद मी तुमच्याच खुर्चीशेजारी जमिनीवर बसून वाचले.

पहिल्यात तुम्ही लिहिलंय, 'टंकलेखनातील चुकीमुळे'. त्यावर काट मारलीय आणि समासात, मला लिहायचात तसं, स्वतःलाच लिहिलंय: 'खोटं.' दुसऱ्यात 'मसुदा तयार करताना झालेल्या चुकीमुळे', आणि तेही खोडलंय, इतकं जोरात की कागद फाटलाय. तिसरा-चौथा अर्धेच आहेत. पाचवा स्वच्छ आहे. 'सही करण्यापूर्वी मी पत्र वाचले नाही. त्यामुळे त्यातील एक वाक्य चुकीचे गेले. हाडाचा नमुना जुळवता आला नाही, असे वाचावे. तो देह आसिफ शेख यांचा आहे किंवा नाही, हे आम्हाला सांगता येत नाही.' खाली तुमची सही. माझं नाव कुठेही नाही.

म्हणजे तयार होतं. पाकीट तेवढं लागत होतं, आणि पाकिटांचा तर वर गठ्ठा होता. मग का नाही पाठवलंत? मला रडू आलं नाही. मला तुम्हाला गदागदा हलवून विचारायचं होतं. आशा आपली नाही म्हणणारे तुम्ही. खरं ते उत्तर म्हणणारे तुम्ही. मला वर्षानुवर्षं 'परत वाच, परत वाच' म्हणून कोपऱ्यात उभं करणारे तुम्ही. आणि स्वतःच्या वेळेला खण! तेही माझा 'सही तुमची आहे' हा टोमणा वाक्यांत घालून. मी काय करायचं होतं तुमच्या त्या मोठेपणाचं?

मी तो कागद डेप्युटी मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कुणी विचारलंय का हे?"

"नाही."

"पोलिसांनी, कोर्टानं?"

"नाही, मॅडम."

"मग गेलेल्या माणसाच्या नावावर चूक कशाला काढतेस? परवाच त्यांच्या कार्यक्रमात सगळे किती चांगलं बोललो आपण."

त्यांचंही बरोबर होतं. मी बाहेर आले. बाहेरच्या बाकावर बसले. एरवी मी तिथून टेबलावर गेले असते आणि संध्याकाळच्या बसमध्ये मनातल्या मनात मॅडमना चोख उत्तर दिलं असतं. पण माझ्या हातात तो कागद होता आणि त्यात माझं नाव नव्हतं, आणि ते मला सहन होईना. मी टेबलावर जाऊन सहावा मसुदा केला. 'मूळ पत्राचा मसुदा मी तयार केला होता. मराठी वाक्यरचनेतील चूक माझी आहे.' खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा. तो घेऊन परत आत गेले. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या सर्व्हिस बुकात लागेल हे." मी म्हटलं, लागू दे. माझा आवाज इतका बारीक आला की त्यांनी विचारलं, "काय?" आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जरा बरा आला. त्यांनी सही केली.

तुमचा पाचवा कागद मी फाइलला लावलेला नाही. तो माझ्याकडे आहे. रागावलात तर रागवा.

*

शुद्धिपत्र पोलीस स्टेशनला गेलंय, या वेळी जावक नंबर मी स्वतः बघितला. पण तिथून ते चाचांकडे कधी जाणार, आणि कोण वाचून दाखवणार? म्हणून त्याची प्रत घेऊन मी शनिवारी गंज पेठेत गेले. नियमात बसत नाही. मला त्या दिवशीही नियम आठवला होता, तुमची शप्पथ.

दुकान म्हणजे एक खोली, आणि मागे पडदा लावून घर. कापायचं मोठं यंत्र, पुठ्ठ्यांची चळत, खळीचा आंबट वास. बांधायला आलेली रजिस्टरं फारशी नव्हती. मी समोरच्या सायकलच्या दुकानापाशी बराच वेळ उभी राहिले. शेवटी चाचांनीच बघितलं.

"अरे, पत्रवाल्या बाई! या की. साहेब कुठेत?"

म्हणजे आधी ते सांगावं लागलं. तुम्ही रविवारी सकाळी दाढी करता करता गेलात, हे मला त्या अनोळखी खोलीत, उभ्या उभ्या सांगावं लागलं. चाचांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. मग कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलाकडे बघितलं.

"तिथे बसायचे."

मला कळेना. "कोण?"

"तुमचे साहेब. दोनदा येऊन गेले. एकदा मुलीच्या नोट्स बांधायला दिल्या, एकदा न्यायला आले. चहा घेतला, पोरीच्या कॉलेजचं बोलले, हल्लीच्या पुठ्ठ्याला शिव्या दिल्या. दोन्ही वेळा उठताना म्हणाले, 'चाचा, एक सांगायचं होतं.' मी म्हटलं, बोला. तर म्हणाले, 'पुढच्या वेळी.' मला वाटलं, मी दिलेल्या वह्यांची शिवण सैल झाली असणार. चांगला माणूस, तोंडावर कसं बोलणार."

सर, मी त्या स्टुलावर बसले नाही. उभीच राहिले. माझा राग गेला असं नाही. पण तो धरून ठेवायला जागा राहिली नाही. तुम्ही विश्रांतवाडीहून उलट्या दिशेला, बस बदलून, दोनदा इथे आला होतात. आणि तुमचीही जीभ उचलली नव्हती. मला वाटायचं, ते फक्त माझंच होतं.

मी कागद पुढे केला. "हे सांगायचं होतं त्यांना."

चाचांनी चष्मा लावला. वरचा शब्द मोठ्यानं वाचला. "शुद्धिपत्र." मग हसल्यासारखं केलं. "जन्मभर ही चिकटवली. पुस्तकं बांधून झाली की छापखान्यातून चिठ्ठ्या यायच्या, शेवटच्या पानाला लावा म्हणून. हजारो लावल्या. वाचली कधी एक नाही." आणि मग ते वाचायला लागले. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट ओळीखालून जात होतं आणि एका ठिकाणी थांबलं. परत मागे आलं.

"म्हणजे तो असूही शकतो."

"हो."

"नसूही शकतो."

"हो."

"आणि हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. मी वह्या घेऊन आलो तेव्हा."

"तुम्ही आलात तेव्हाच कळलं. तुमचा तो पुठ्ठा बघून."

"मग?"

"भीती वाटली," मी म्हटलं. "आम्हाला दोघांनाही."

ते कोरडेपणानं म्हणाले, "शिकलेल्या माणसांना एका अक्षराला चार महिने लागले. आम्ही चार महिने केले असते तर गिऱ्हाईकानं पुस्तक तोंडावर मारलं असतं." मी मान हलवली. "मग आता मी काय करू? वाट बघू, की फातिहा पढू?"

"मला माहीत नाही, चाचा."

"तुमच्या साहेबांना माहीत होतं?"

"नाही. त्यांनाही नव्हतं."

त्यांनी भिंतीवरून तो लाल किनारीचा पुठ्ठा काढला. टेबलावर ठेवला, बाहीनं पुसला. मला वाटलं आता फाडतील. त्यांनी ब्रश खळीत बुडवला आणि शुद्धिपत्राच्या फक्त डाव्या कडेला, बोटभर रुंदीची रेघ ओढली. पत्रावर तो कागद ठेवला आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"एकाच कडेनं लावायचं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सगळं चिकटवलं तर खालचं वाचता येत नाही."

पडद्याआडून त्यांच्या बायकोनं विचारलं, "कोण आलंय?"

"लॅबमधून. आसिफचं पत्र आहे, नवीन."

त्या बाहेर आल्या. ओढणीला हात पुसले, पुठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चाचांनी पुठ्ठा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे सरकवला. "तिला वाचता येत नाही. तुम्ही लिहिलंय, तुम्हीच वाचा."

मला घाम फुटला, सर. खळ अजून ओली होती, कागद धरताना बोटाला लागली. मी वाचलं. 'जुळवता आला नाही'पाशी आले तेव्हा थांबले, 'व' नीट म्हटला, आणि पुढे गेले, शेवटच्या वाक्यापर्यंत, सांगता येत नाही तिथपर्यंत.

त्या तशाच उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते.

"परत वाच, बेटा," त्या म्हणाल्या.

वाचलं, सर. दोनदा.